पुस्तक उघडायची बाजू

नारायणगुड्याच्या त्या सरकारी शाळेत नर्स कशाला हवी, हे शाळेतल्या कुणालाच धड सांगता आलं नसतं. मागच्या साली खेड्यापाड्यांतून माणसं शहरात लोटली, पटकीची भीती पसरली, तेव्हा सरकारनं सत्यवतीबाईंना दवाखान्यातून उचलून इथं आणून बसवलं. मग निजामाचं राज्य गेलं, हिंदुस्थानची फौज आली, पटकीची भीतीही गेली. सत्यवतीबाई तेवढ्या राहिल्या. त्यांना परत न्यायची आठवण कुणाला झाली नाही, आणि ती करून द्यायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. वय पन्नाशीला टेकलेलं, गुडघे कुरकुरत, आणि रोज मलकपेठेहून यायचं नि जायचं.

काम म्हणाल तर ढीगभर. कुणाला खरचटलेलं, कुणाचं बोट चेचलेलं, कुणी गणिताचा तास चुकवायला पोट धरून आलेला. पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. मिसरूड फुटायच्या वयाची ती पोरं उठल्यासुटल्या डोक्यात राख घालून घेत. त्यात ते साल असं, की मोठ्यांचीच डोकी ठिकाणावर नव्हती, तिथं पोरांचं काय सांगावं! छडी मारून मास्तरांचा हात दुखायला लागला की ते म्हणत, "जा, नर्सम्माकडे जाऊन बस." नर्सम्मा हे नाव तेलुगू तुकडीतल्या पोरांनी ठेवलेलं, ते मराठी तुकडीत आलं आणि कायमचं चिकटलं.

राग उतरवायचं शास्त्र सत्यवतीबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी आपली एक रीत बसवली होती. आलेल्या पोराच्या मनगटांवर माठातलं गार पाणी ओतायचं. मग धुऊन वाळवलेल्या पट्ट्यांचा गुंता त्याच्या मांडीवर टाकायचा आणि म्हणायचं, "गुंडाळ." पट्टी घट्ट आणि सारखी गुंडाळायची तर हात शांत लागतात. कडा वरखाली झाल्या की बाई ती उलगडून परत मांडीवर टाकत. कडा जुळल्या की म्हणत, "जा आता." काय झालं, कोण काय म्हणालं, हे त्या विचारत नसत. पोरांना वाटे, काय समजूतदार बाई आहे! खरं म्हणजे विचारायचाच कंटाळा आलेला असे.

त्या साली सगळ्यांत जास्त पट्ट्या गुंडाळल्या त्या नववीतल्या नरहरनं. पंधरा वर्षांचा, हाडापेरानं मोठा, भुवया कायम जुळलेल्या. घराणं जुनं. आजोबा निजामाच्या मालगुजारीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, कचेरीत, वडील अप्पाराव त्याच कचेरीत. घरात बोलणं मराठी, पण कागदाला हात लागला की उर्दू. पोरगाही आठवीपर्यंत उर्दूत शिकला आणि दरवर्षी पहिला आला. जूनमध्ये हुकूम निघाला की ज्यानं त्यानं आपापल्या मातृभाषेत शिकावं. हुकूम चांगलाच होता, त्यात वाईट काही नव्हतं. बाकीची पोरं घरी थोडंफार मराठी वाचत आलेली होती. फक्त नरहरची मातृभाषा जिभेवर होती, डोळ्यांना तिची ओळख नव्हती, आणि हे हुकूम काढणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पहिला येणारा पोरगा एका सुट्टीत शेवटच्या बाकावर जाऊन पडला.

नववीला मराठी शिकवायला खुद्द हेडमास्तर होते, नामदेवराव. पुण्याकडून नवे आलेले. माणूस सरळ, खादीचा कोट घालणारा, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारा. शाळा सुधारायला आलो आहोत ही त्यांची मनापासूनची समजूत होती, आणि शाळा काही सुधारायचं नाव घेत नव्हती, त्यामुळे तेही मेटाकुटीला आलेले. ते रोज एकेकाला उभं करून धडा वाचून घेत. नरहरची पाळी आली की त्याची नजर सवयीनं ओळीच्या उजव्या टोकाला जाई, तिथून चाचपडत डावीकडे येई, आणि तोवर वर्गात खसखस पिकलेली असे. मग कधी बाक आपटला जाई, कधी शाईची दौत भिंतीवर फुटे. नामदेवराव म्हणत, "हा मुद्दाम करतो. जुन्या राज्याची मस्ती आहे ही."

नरहरला असा कितव्यांदा तरी बाईंकडे धाडलेला होता, त्या दुपारची गोष्ट. टेबलावर सरकारकडून आलेली एक मराठी आरोग्य-पुस्तिका पडली होती. पट्टीच्या कडा जुळवून झाल्यावर नरहरनं सहज ती उचलली आणि उघडली. मागून उघडली. शेवटचं कोरं पान बघून तो क्षणभर थांबला, चपापला, आणि पुस्तिका झटकन खाली ठेवून निघून गेला.

सत्यवतीबाई त्या पुस्तिकेकडे बघत राहिल्या. कारण ती पुस्तिका आली त्या दिवशी त्यांनीही ती तशीच उघडली होती.

उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. बाईंचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. दवाखान्यातली तीस वर्षं उर्दूत गेलेली. लहानपणी आईनं पोथीवर बोट ठेवून अक्षरं ओळखायला शिकवली होती तेवढंच त्यांचं मराठी वाचन, आणि ते एखाद्या म्हातारीनं जिना उतरावा तसं, पायरी पायरी. हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. पुस्तिकेबरोबर हुकूम आला होता की महिन्यातून एकदा, प्रार्थनेनंतर, नर्सनं त्यातलं एक प्रकरण साऱ्या शाळेपुढे वाचावं. बाईंनी तीन महिने घसा बसल्याचं सांगून ते टाळलं होतं. मिठाच्या गुळण्यासुद्धा केल्या होत्या, कुणी बघत असताना.

नरहरचं दुखणं त्यांना कळलं. आणि कळल्यावर त्यांनी काय करावं? स्वतः जे करत होत्या तेच त्याच्यासाठी केलं. नामदेवरावांकडे जाऊन म्हणाल्या, "त्या नरहरला वाचायला उभं करू नका. डोळे अधू आहेत त्याचे. ताण पडला की डोकं चढतं."

"असं होय!" नामदेवराव विरघळलेच. "आधी सांगायचंत. घरी कळवा, चष्मा करायला सांगा."

बाई खोलीत आल्या तेव्हा त्यांना बरं वाटत होतं. एक ओझं उतरलं, आता पोरगं शांत होईल, असं त्या स्वतःशी म्हणाल्या.

आठ-दहा दिवस गेलेही शांत. वाचायची पाळी नरहरवरून पुढे सरके. पण पोरांच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. हेडमास्तर एकदा भर वर्गात, प्रेमानंच, बोलून गेले, "त्याला नको, त्याच्या डोळ्यांना त्रास होतो." झालं. सोलापूरहून बदलून आलेल्या तारमास्तरांचा वसंत वर्गात पुढारी होता. त्यानं मधल्या सुट्टीत डोळे मिटले, हात पुढे करून चाचपडत नरहरजवळ आला आणि म्हणाला, "आंधळ्याला कुणी पाणी द्या हो!"

नरहरनं त्याला बाकाच्या कोपऱ्यावर ढकलला. भुवई फुटली. रक्तानं माखलेल्या वसंतला घेऊन चौघं धावत आले, आणि सत्यवतीबाईंनी टिंचर लावून जी पट्टी त्याच्या कपाळाला बांधली ती नरहरनंच गुंडाळलेली होती. कडा अगदी सारख्या होत्या.

संध्याकाळी नामदेवरावांनी अप्पारावांना बोलावून घेतलं, आणि जखम किती ते सांगायला सत्यवतीबाईंनाही. अप्पाराव शेरवानीची वरची गुंडी लावून आले. कचेरीत आता त्यांना कुणी काम देत नव्हतं. टेबल होतं, खुर्ची होती, कागद येत नव्हते. पोरगा परत असं करणार नाही असं त्यांनी लिहून द्यायचं होतं. त्यांनी सही केली, वळणदार, उर्दूत. नामदेवराव म्हणाले, "मराठीत करा." अप्पाराव ओशाळून हसले, पुन्हा लेखणी उचलली आणि एकेक अक्षर काढू लागले. नरहर दाराशी उभा होता. बापाची लेखणी अडखळताना तो बघत राहिला, आणि त्याच्या हाताच्या मुठी वळलेल्या सत्यवतीबाईंना दिसल्या.

"हे शेवटचं," नामदेवराव म्हणाले. "आणखी एकदा हात उचलला की नाव काढून टाकीन. मग दुसरी शाळा बघा."

दुसरी शाळा कुठली? शाळेतून काढलेल्या पोराला कोण घेणार होतं? अप्पारावांचे एक मेहुणे आबिड्सला कापडाच्या दुकानात होते. तिथं गज धरून उभं राहायचं, एवढंच पोराच्या नशिबी उरलं असतं. तो पहिला येणारा पोरगा. सत्यवतीबाईंना ऐकवेना. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "मी जिम्मा घेते, साहेब. परत नाही व्हायचं."

"तुम्ही?" नामदेवरावांनी थकून डोळे चोळले. "तुमचा घसा बरा होईल तेव्हा बघू. तेही वाचन राहिलंय अजून."

दुसऱ्या दिवशी नरहर खोलीत आला तो कुणी न धाडताच. मनगटं पुढे केली नाहीत. पट्ट्यांकडे बघितलंही नाही.

"माझे डोळे अधू आहेत म्हणून तुम्ही सांगितलं?"

"हौ रे. तुझ्याच भल्याला सांगितलं."

"माझे डोळे चांगले आहेत. तारेवरचा पक्षी दिसतो मला इथून." त्याचा आवाज फाटला. "काइकू सांगितलं तुम्ही? पहिले मी ढ होतो. आता आंधळा झालो."

"बस जरा. पाणी घे."

"नक्को मला पाणी! तुम्ही म्हणता, पाणी घे, पट्टी गुंडाळ. तुम्हाला काय मालूम? सारा वर्ग हसतो म्हणजे काय असतं ते! तुमच्यावर कधी कोण हसलंय?"

सत्यवतीबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. कुणी हसलं नव्हतं, हे खरं होतं. कुणी हसू नये एवढ्यासाठी त्या तीन महिने गुळण्या करत होत्या. नरहर निघून गेला आणि त्या किती तरी वेळ कॉटच्या कडेला बसून राहिल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली. लाजेपेक्षा जास्त थकवा वाटला. या वयात पुन्हा पहिलीत बसायचं, तेही साऱ्या शाळेपुढे, आणि एका तापट पोरासाठी! नोकरी सोडून द्यावी असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्या उठल्या, हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "सोमवारी वाचते मी. घसा बरा आहे."

रविवारभर मलकपेठेच्या खोलीत पुस्तिका मांडीवर घेऊन त्या बसल्या. 'पिण्याचे पाणी' हे प्रकरण. पिण्याच्या पाण्याबद्दल त्यांना पुस्तिकेपेक्षा जास्त माहीत होतं, पण ते उपयोगाचं नव्हतं. जोडाक्षर आलं की त्यांना घाम फुटे. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायला लागलं आणि पहिलं पानसुद्धा धड जमलं नाही.

सोमवारी प्रार्थना संपली. साऱ्या तुकड्या पटांगणात रांगांनी उभ्या. नामदेवराव म्हणाले, "आता सत्यवतीबाई आरोग्याविषयी वाचून दाखवतील." बाई ओट्यावर चढल्या. गुडघा दुखला. हातात पुस्तिका होती, आणि काल दिवसभर घोकलेलं सगळं विसरून हातानं आपली जन्माची सवय केली. त्यांनी पुस्तिका मागून उघडली.

समोर कोरं पान. त्यांनी आणखी एक उलटलं. त्यावर नुसतं छापखान्याचं नाव. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. त्यांनी घाईनं पुस्तिका फिरवली, ती हातातून निसटली, वाकून उचलली. मग हसू रांगारांगांतून पसरत गेलं.

"पि... पिण्याचे पाणी," त्या म्हणाल्या. बोट अक्षराखाली ठेवलं, आईनं शिकवलं होतं तसं. "पाणी हे... स्व... स्वच..."

"स्वच्छ!" कुणी तरी मागून ओरडलं आणि सगळं पटांगण खदखदलं. मास्तर लोक खाली बघू लागले. कपाळाला पट्टी बांधलेला वसंत रांगेत उभ्याउभ्या बोट हवेत धरून अक्षरं शोधल्याची नक्कल करत होता. त्याच्या बरोबर मागे नरहर उभा होता.

बाईंनी नरहरकडे बघितलं. त्याचा चेहरा तांबडालाल झाला होता. तो पुढे सरकला. वसंतची मान त्याच्या हाताच्या अंतरावर होती, आणि त्याचा हात वर येत होता.

सत्यवतीबाईंना तेव्हा कळलं की आपण काय करून बसलो. त्यांना पोराला दाखवायचं होतं की हसणं सोसता येतं. पण पोरगा स्वतःवरचं हसणं एक वेळ सोसेल, त्यांच्यावरचं सोसायचा नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ओरडून थांबवावं, तर साऱ्या शाळेचं लक्ष त्याच्याकडे जाईल. पुस्तिका मिटावी, घसा धरावा, खाली उतरावं, म्हणजे हे सगळं थांबेल. फार फार मोह झाला. त्यांनाही राग आला होता, तळपायापासून आला होता. त्या वसंतच्या कानफटात द्यावी असं त्यांचेही हात शिवशिवत होते. त्यांनी बोट पुढच्या अक्षरावर नेलं.

"स्वच्छ," त्या म्हणाल्या. "स्वच्छ... असावे."

पुढचा शब्द. मग त्याच्या पुढचा. वाचता वाचता त्यांनी वर बघितलं तेव्हा नरहर रांगेत नव्हता. न विचारता रांग मोडून तो तरातरा पटांगणाबाहेर चालला होता. वसंत अजून नक्कल करत होता, आणि त्याची मान जागच्या जागी होती.

प्रकरण संपायला युगं लागली. शेवटी शेवटी पोरं हसायचीही कंटाळली. बाई ओट्यावरून उतरल्या आणि कुणाकडे न बघता खोलीत आल्या. नरहर खाली फरशीवर बसला होता. डब्यातल्या साऱ्या पट्ट्या त्यानं उलगडून टाकल्या होत्या आणि त्यातली एक गुंडाळायला घेतली होती. कडा कशाही जात होत्या.

"मारलं नाही मी त्याला," तो म्हणाला.

"बघितलं मी."

"किती हसले तुमच्यावर."

"हसले ना." त्या कॉटवर टेकल्या.

"तुम्हाला गुस्सा नाही आला?"

"आला. अजून आहे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला वाटायचं, वय झालं की येत नसेल. तसलं काही नसतं रे."

"मग काय केलं तुम्ही?"

"पुढचा शब्द वाचला. दुसरं काही सुचलं नाही मला."

नरहरनं हातातली पट्टी उलगडून पुन्हा धरली. दारात सावली पडली. नामदेवराव उभे होते. पोरगा धडपडत उठला. "प्रार्थनेची रांग मोडून आला हा," ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

सत्यवतीबाई उठल्या नाहीत. उठायचं बळच नव्हतं. बसल्या बसल्या म्हणाल्या, "साहेब, याचे डोळे चांगले आहेत. मी तुमच्याशी खोटं बोलले. आणि माझा घसाही कधी बसला नव्हता. आम्हा दोघांचं दुखणं तेच आहे. आम्ही जन्मभर पुस्तक उजवीकडून उघडलं. आज तुम्ही बघितलंच."

नामदेवराव दारातून आत आले. मग स्टुलावर बसले. "मला वाटायचं, इथले लोक मुद्दाम करतात," ते म्हणाले. "मला राग येत होता तुमचा सगळ्यांचा. त्याच्या वडिलांना त्या दिवशी मी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. नरहरकडे बघून म्हणाले, "उद्या तुला वाचायला उभा करीन. रोज करीन. चालेल?"

"हसतील," नरहर म्हणाला.

"हसतील. मी थांबवीन, तरी हसतील. आणि हात उचललास तर मी दिलेला शब्द मलाही मागे घेता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी मराठीचा तास लागला तेव्हा सत्यवतीबाईंनी खोलीचं दार उघडं ठेवलं. नववीचा वर्ग व्हरांड्यापलीकडे. त्या पट्टी गुंडाळत बसल्या होत्या, कान तिकडे लावून. नामदेवरावांनी नाव पुकारलं. बाक सरकल्याचा आवाज आला. मग नरहरचा जाडा, अडखळता आवाज. दोन शब्द, आणि मध्येच गाडी अडली. कुणीतरी हसलं. मग आणखी काही जण हसले. नामदेवरावांची छडी टेबलावर वाजली, तरी हसणं थांबलं नाही.

नरहरचा आवाज बंद पडला, तशी हसणारी पोरंही गप्प झाली. सत्यवतीबाईंचे हात थांबले. आता बाक आपटेल, आता दौत फुटेल, आता कुणी तरी किंकाळी फोडील. त्यांनी डोळे मिटून घेतले. टिंचरची बाटली कुठं आहे हेसुद्धा त्यांनी मनात पक्कं केलं. किंकाळीच्या आधीची असली शांतता त्यांना दवाखान्यापासून ठाऊक होती, आणि ती त्यांना कधी सोसली नव्हती.

मग पलीकडून नरहरनं पुढचा शब्द वाचला.

चुकीचा वाचला. थांबला, पुन्हा वाचला. मग त्याच्या पुढचा.

सत्यवतीबाईंनी डोळे पुसले. मांडीवरची पट्टी बघितली तर तिच्या कडा पार वरखाली झाल्या होत्या. त्यांनी ती उलगडली आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.